लिंकन 1217 टेबलावर: 'लायन रॅम्पंट'चा आठ महिन्यांचा अनुभव

'लायन रॅम्पंट' म्हणजे लहान बाहुल्यांनी टेबलावर मध्ययुगीन लढाया खेळायचे नियम. त्यात वेढा उठवण्याचा खेळ म्हटलं की आधी तट बांधायला घेण्याचा मोह होतो. इंग्लंडमधल्या लिंकन शहरासाठी तो आवरा. 20 मे 1217 ची ही लढाई तटावर कमी आणि दरवाज्यांत, गल्ल्यांत जास्त झाली. किल्ला निकोला दे ला हे या किल्लेदारणीच्या ताब्यात, शहर बंडखोर सरदार आणि फ्रेंचांच्या हातात, आणि राजाच्या बाजूने कुमक घेऊन आलेला विल्यम मार्शल सत्तरीचा. त्याच्याकडे 406 नाइट आणि 317 क्रॉसबोवाले (कळीचं धनुष्य चालवणारे) होते असं त्याच्या चरित्रकाव्यात आहे. एवढी लहान लढाई 28 मिमीच्या बाहुल्यांना आणि 6×4 फुटांच्या टेबलाला नेमकी बसते.

नियम सोपे आहेत. युनिट (6 किंवा 12 बाहुल्यांचा गट) हलवायचं तर दोन फासे टाकायचे, ठरलेला आकडा आला नाही की तुमची पाळी तिथेच संपली. क्रॉसबोला नेम धरायला दोन्ही मिळून किमान 7 लागतात, म्हणजे 58 टक्के. तीन क्रॉसबो युनिटं ओळीने चालतील ही शक्यता पाचात एक. म्हणून किमान 5 वर चालणारा नाइटांचा हल्ला आधी, नेमबाजी नंतर. नवखे नेमकं उलटं करतात आणि पाळी हातची घालवतात.

वेढ्यात मात्र हाच नियम खटकतो. किल्ल्यातल्या शिबंदीचा फासा पडला म्हणून बाहेरच्या मार्शलने का थांबायचं? दोघांत निरोप पोचवणंही अवघड होतं. शिबंदी आणि कुमक यांच्या पाळ्या वेगळ्या मोजा. त्याने वेढा घालणारे कमजोर पडतात, म्हणून पॉइंट असे: कुमक 24 (नाइट दोन युनिटं, क्रॉसबो दोन, पायदळ सार्जंट, म्हणजे साधे शिपाई, एक), शिबंदी 8 (क्रॉसबो एक, सार्जंट एक), वेढा घालणारे 30 (घोडेस्वार नाइट एक, पायउतार नाइट एक, सार्जंट तीन, क्रॉसबो एक, बिडोअर, म्हणजे हलके चकमकी सैनिक, एक). एकूण 138 बाहुल्या.

खेळातली सगळ्यात मजेची गोष्ट नियमांच्या पुस्तकात नाही. मार्शलच्या सरदारांनी प्रत्येकी दोन निशाणं आणली होती, त्यातलं एक सामानाच्या गाड्यांबरोबर. शत्रूच्या टेहळणी करणाऱ्यांनी निशाणं मोजली, सैन्य दुप्पट वाटलं आणि ते शहरात शिरून बसले. टेबलावर उलटी ठेवलेली 10 कार्डं पुरतात: पाच खरी (कुमकेच्या एकेका युनिटचं), पाच रिकामी. 12 इंचांत दिसलं किंवा हल्ला केला की कार्ड उलटायचं. समोरचा खेळाडू पहिल्या तीन पाळ्या चुकीच्या दरवाज्यावर सार्जंट उभे करतो, आणि तेच हवं असतं.

पश्चिमेचा शहर-दरवाजा दगडांनी बुजवलेला होता. लगतच्या युनिटने हालचालीचा फासा जिंकला की एक ढीग उचलायचा. तीन ढिगांत दरवाजा फार लवकर उघडतो, पाच ठेवले तर दहा पाळ्यांचा खेळ बाहेरच संपतो. चार ठेवा.

क्रॉसबोचा हिशोब जरा जवळून पाहा. 12 फासे, 4 किंवा वर आला की लागतात, सरासरी सहा घाव. नाइटाचं आर्मर 4 (एक बाहुली पाडायला चार घाव), म्हणजे एकच बाहुली पडते आणि उरलेले दोन घाव वाया. 12 इंचांपलीकडे आर्मर 5 धरलं तरी एकच. लिंकनमध्ये मात्र मार्शलच्या बाजूच्या फॉक्स द ब्रेओतेचे लोक किल्ल्यातून वर चढून घोडे टिपत होते. तटावरून गल्लीत मारताना घोडेस्वारांचं आर्मर 3 धरा. दोन बाहुल्या पडतात आणि गल्लीत घोडा घालायची खरी भीती वाटायला लागते.

आता किल्ल्याचं. युनिटच्या सगळ्या बाहुल्या एका बाहुलीपासून 3 इंचांत असाव्या लागतात. 25 मिमीच्या तळाने तटावर एका ओळीत बारा मावत नाहीत, दोन ओळी हव्यात, म्हणजे वरची वाट किमान 55 मिमी. तयार एमडीएफ (दाबीव लाकडी फळी) किल्ल्यांत ती बहुधा अरुंद असते आणि बाहुल्या ढासळत राहतात. आतलं अंगण 12×12 इंचांहून लहान नको, कारण दोन युनिटांत 3 इंच अंतर सक्तीचं आहे.

आपल्याकडचा पावसाळा हा वेगळाच शत्रू. ओलसर हवेत मॅट स्प्रे मारला की बाहुल्यांवर पांढरट थर येतो. ब्रशचं वॉर्निश वापरा. एमडीएफच्या कडा फेव्हिकॉलच्या पातळ हाताने बंद करा, नाहीतर फुगतात. थर्माकोलवर थेट स्प्रे नको, वितळतो.

बाहुल्या घेताना अंगभर पोलादी पत्र्याचं चिलखत असलेल्या टाळा, त्या दोनशे वर्षं पुढच्या. साखळीचं चिलखत आणि चपट्या माथ्याचं शिरस्त्राण हवं. मार्शलची ढाल अर्धी पिवळी, अर्धी हिरवी, वर लाल सिंह. सिंह ढालीला चिकटवण्याआधीच रंगवा, पंजे नंतर जमत नाहीत.