सवलतीत घेतलेला चंद्र: आर्क्टिक मंकीजची एलपी, काही महिने वाजवल्यानंतर

टर्नटेबलचा, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या मशिनचा, बेल्ट तुटला म्हणून हे लिहायला सवड झाली, नाहीतर कुरकुरत ऐकणं असंच पुढे चाललं असतं. रेकॉर्ड म्हणजे आर्क्टिक मंकीज या इंग्लिश रॉक बँडची 'ट्रँक्विलिटी बेस हॉटेल अँड कसिनो', २०१८, चंद्रावरच्या काल्पनिक हॉटेलाभोवती फिरणारी अकरा गाणी, चाळीस मिनिटांच्या आसपास. बँड माहीत असलेल्यांना बाकीचं पाठ असतं, ते उगाळत नाही.

मुळात ही मला नकोच होती. हवी होती त्यांचीच आधीची 'एएम', २०१३ची. ती संपलेली. ही मात्र पाऊण किमतीत, आणि अडीच हजारांवर बिल गेलं की घरपोच फुकट. ब्रश, आतली प्लास्टिकची कव्हरं असं किडुकमिडुक आधीच निवडून झालं होतं. त्यावर दोनशे रुपये पोचेचे द्यायचे आणि हातात गाणं एकही नाही, त्यापेक्षा ही घेऊन टाकू म्हटलं. बेळगावच्या माणसाला फुकट पोच दाखवा, तो चंद्रावरचं हॉटेलसुद्धा बुक करून टाकेल.

२०१८च्या मे महिन्यात ही आली तेव्हा फोनवर ऐकली होती आणि जेवायला बसायच्या आत पुसून टाकली होती. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी सुतक. आधी एकही गाणं त्यांनी बाहेर सोडलं नव्हतं, त्यामुळे काय वाढून ठेवलंय याचा अंदाजच नाही. पाच वर्षं वाट बघून कान टवकारलेले, आता गिटारी कडाडणार. आणि त्यांचा गायक ॲलेक्स टर्नर पियानोवर बसून हॉटेलाची जाहिरात गुणगुणतोय. तिसाव्या वाढदिवसाला मॅनेजरने त्याला स्टाइनवेचा पियानो भेट दिला, तिथून हे सगळं सुरू झालं म्हणे. निपाणीच्या मित्राने एवढंच लिहिलं, "ड्रमर रजेवर आहे काय रे?" त्यावर कुणी काही बोललं नाही.

एवढं लागण्यासारखं काय होतं, तर आम्ही उद्यमबागेतली, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वस्तीतली पोरं. या बँडचं शेफील्ड म्हणजे पोलादाचं गाव. आमच्या मशिन शॉपमधल्या जुन्या कानशींवर त्या गावाचा शिक्का असायचा. तिथल्या हाय ग्रीन भागातली ही पोरं, दोघांना नाताळात गिटारी मिळाल्या आणि बँड निघाला. गाण्यांच्या सीडी स्वतः राइट करून कार्यक्रमांना फुकट वाटल्या, लोकांनी त्या नेटवर चढवल्या, आणि २००६ साली पहिला अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात ३ लाख ६० हजारांवर खपला. तोही डॉमिनो या स्वतंत्र लेबलवर, मोठी कंपनी पाठीशी नसताना. आमच्याकडे तो सेकंड शिफ्टच्या एका ऑपरेटरच्या पेनड्राइव्हवरून आला, म्हणजे फुकट वाटायची परंपरा आम्हीही इमानाने पाळली.

पण गिटार गेली याचं मला तितकं नाही. २००९ला कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जाऊन त्यांनी 'हंबग' केला तेव्हाही लोक रडलेच होते, आणि तो मला आवडतो. माझं दुखणं त्यांचा ड्रमर, मॅट हेल्डर्स. मी गाणं ऐकतो ते ड्रमसाठी. शिवजयंतीच्या चित्ररथापुढे ढोल बडवत मोठा झालेला माणूस दुसरं काय ऐकणार? हेल्डर्स स्वतः सांगतो, बाकीच्यांनी गिटारी घेतल्यावर ड्रमच तेवढे उरले होते. असं उरलंसुरलं वाद्य घेऊन २००७च्या 'ब्रायनस्टॉर्म'मध्ये त्याने जो धुरळा उडवलाय, तो आमच्या पथकातल्या पोरांना ऐकवला तर त्यांनी परत लाव, परत लाव करून माझ्या फोनची बॅटरी संपवली. आणि इथे तोच गडी काठीच्या टोकाने टिकटिक करत बसलाय. लांबून सुपारी देऊन बोलावलेल्या ढोलवाल्याला मिरवणुकीत पाण्याचा टँकर सांभाळायला उभं करावं, तसं.

आता वस्तूबद्दल. रेकॉर्ड आली तीच बाकदार. फिरताना एका बाजूला कड वर उचलली जायची आणि सुईचा दांडा, म्हणजे टोनआर्म, डोळ्यांना दिसेल इतका वर-खाली व्हायचा. ज्या ऑनलाइन दुकानातून घेतली त्यांना व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, "सर, सुई उडत नाही ना, मग तो डिफेक्ट धरत नाहीत." असं कसं? जॉबमध्ये आम्ही पाच शतांश मिलिमीटरसाठी माल परत घेतो. दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड पिशवीत घालून शॉपमध्ये नेली. जेवणाच्या सुट्टीत सपाटपणा तपासायची ग्रॅनाइटची सरफेस प्लेट स्पिरिटने पुसली, वर रेकॉर्ड ठेवली आणि फट मोजायच्या फीलर गेजची पानं एकावर एक लावून कडेखाली सरकवत गेलो. एका बाजूला दीड मिलिमीटर सहज आत गेलं, समोरच्या बाजूला सगळ्यांत पातळ पानसुद्धा जाईना. मालाचा दर्जा तपासणाऱ्या क्यूसीवाल्याने चेष्टेत नापास मालाचा लाल टॅग आणून लावला. टॅगसकट फोटो काढून पाठवला, तर तिकडून मुलीने फोन करून विचारलं, "सर, ही टेस्ट कुठल्या लॅबमध्ये केली?" शेवटी मिळालं काय, तर पुढच्या ऑर्डरवर दहा टक्के सूट. बदली नाही, पैसे नाहीत.

यात एक गंमत कळली, ती लिहिलीच पाहिजे. रेकॉर्ड वाकडी असली की वेग किंचित कमी-जास्त होतो आणि सूर हलतो. तारा ओढून वाजवलेल्या कर्कश गिटारीत तो हेलकावा खपून जातो. पियानोचा सूर एकदा लावला की जागचा हलत नाही, त्यामुळे तो जरा डुलला तरी कानाला लगेच खटकतं. बाक कडेलाच, आणि सुई कडेपासूनच आत सरकते, म्हणजे मार खाणार दोन्ही बाजूंची पहिली गाणी. एका बाजूचं पहिलं गाणं जवळजवळ सहा मिनिटांचं! माझ्याकडे ते हॉटेल चंद्रावर नव्हतं, होडीत होतं. त्यांनी जुनाच बाज ठेवला असता तर हा दोष मला कदाचित ऐकूही आला नसता. म्हणजे आवाज बदलल्याचा भुर्दंड मला दोनदा.

शहापूरच्या काकांना हे सगळं सांगितलं. त्यांच्याकडे नाट्यसंगीताच्या रेकॉर्डींची पेटी आहे, वाकड्या रेकॉर्डींशी त्यांचा जुना घरोबा. म्हणाले, "टीपॉयच्या दोन जाड काचा घे, मधे घाल, वर वजन ठेव, आणि विसर. उन्हात ठेवू नकोस, सत्यानाश होईल." मग विषय बँडवर आला. काका म्हणाले, "अरे, आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब गाऊन दाखवायचे, लोक वेडे व्हायचे. क्षयाने अंथरुणाला खिळले, देवासला गेले, उठले ते वेगळंच गाणं घेऊन. माळव्याच्या लोकगीतांतून राग काढले. तेव्हाही लोक म्हणालेच की, घराणं सोडलं, हे काय गाणं?" मी म्हटलं, काका, कबूल, पण कुमारांनी तबला घरी पाठवला नव्हता. वसंतराव आचरेकर वर्षानुवर्षं बाजूला तबला वाजवत होतेच की. काका हसले आणि चहा मागवला. हा मुद्दा अजून कुणी खोडलेला नाही.

काचांमध्ये रेकॉर्ड बरेच दिवस राहिली. वर शॉपमधलं एक स्क्रॅप झालेलं कास्टिंग ठेवलं होतं. बाक पूर्ण गेला नाही, पण टोनआर्मचा नाच थांबला. मग पहिल्यांदा ही रेकॉर्ड नीट ऐकू आली, आणि तिच्यात निक ओमॅलीचं बेस गिटार सापडलं. सांगतो, बेस फार सुंदर आहे. पियानो आणि शब्द पुढे नाचतात, पण गाणं चालवतो हा. फोनच्या स्पीकरवर २०१८ला हे ऐकू येणं शक्यच नव्हतं. शब्दही हळूहळू लागले. 'फोर आउट ऑफ फाइव्ह'मध्ये चंद्रावरच्या हॉटेलाच्या गच्चीवर टॅको या मेक्सिकन पदार्थाचं दुकान निघतं आणि त्याला पाचपैकी चार तारे मिळतात. रिव्ह्यू लिहिणाऱ्यांचीच टिंगल, आणि मी इथे बसून तेच करतोय.

एवढ्यात बेल्ट तुटला. आमच्याकडच्या पावसाळ्यात रबर, चामडं, पुठ्ठा काहीच सुखाने राहत नाही. कव्हरवर पुठ्ठ्याच्या हॉटेलाचं ते मॉडेल आहे ना, त्याच्यावरही पांढरी बुरशी धरली होती. कोरड्या फडक्याने निघाली. रेकॉर्ड बंद, म्हणून खानापूरच्या बसमध्ये इअरफोन लावून रॉयल अल्बर्ट हॉलची मैफल ऐकली. जून २०१८मधली, युद्धात सापडलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या वॉर चाइल्डच्या मदतीसाठी २०२०मध्ये काढलेली. पहिलंच गाणं टॅकोवालं, आणि लगेच पाठोपाठ 'ब्रायनस्टॉर्म'. तिथे हेल्डर्स जागा आहे! हॉटेलच्याच गाण्यांत तो मागून ढकलतो, खोड्या काढतो, शेवटाकडे दाबून मारतो. म्हणजे गाण्यांत ड्रमला जागा होती. स्टुडिओत ती दिली नाही, एवढंच. यामुळे गाण्यांबद्दलचा माझा राग कमी झाला आणि रेकॉर्डबद्दलचा वाढला. आता पहिली बाजू लावतो तेव्हा जिथे ठोका पडायला हवा तिथे मांडीवर मीच मारतो.

बेल्टची गोष्ट थोडक्यात. टर्नटेबल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने मशिन बंगळूरला पाठवा म्हणून सांगितलं, तपासणीचे वेगळे, बेल्टचे वेगळे, जायचा-यायचा खर्च आपला. खडेबाजारात टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे एक म्हातारे अजून बसतात. तुटलेला बेल्ट हातात घेऊन ताणून बघितला आणि म्हणाले, "बेल्ट ऐती री (आहे हो), साइज सांगा." साइज मी व्हर्नियरने घेऊनच गेलो होतो. साठ रुपये. नवा असताना किंचित जोरात फिरत होता, दोन दिवसांत जाग्यावर आला. कंपनीचा मूळ बेल्ट परत घ्यायचं काही कारण दिसत नाही.

विकत घ्यावी का? ब्रिटनमध्ये पहिल्या आठवड्यात हिच्या २४,५०० एलपी गेल्या, त्याआधीच्या पंचवीस वर्षांत इतक्या झपाट्याने एलपी खपली नव्हती. त्यातल्या किती जणांना गाणं आवडलं आणि किती जणांनी जुन्या नावावर पैसे टाकले, हे खपाच्या आकड्यातून कळत नाही. 'एएम'च्या ओढीने येत असाल तर आधी अल्बर्ट हॉल ऐका, त्याला खर्च नाही. रात्री उशिरा, घरातले झोपल्यावर, आवाज बारीक ठेवून ऐकणाऱ्याला मात्र ही सोयीची आहे, शेजारी उठत नाहीत. पूर्ण किंमत देऊ नये. साधे, छोटे स्पीकर असतील तर अजिबात देऊ नये, बेस गेला की हिच्यात फार थोडं उरतं. आणि दुकानात जाऊन, हातात धरून, कड डोळ्यांसमोर आडवी करून बघता येत असेल तरच घ्या.

२०२२चा 'द कार' पुण्याच्या मित्राने देऊ केलाय. त्याची सपाट आहे, मी मोजायला लावली. त्यात आता पियानोबरोबर व्हायोलिनांचा ताफा आलाय, म्हणजे हेल्डर्सचं काम आणखी हलकं. फुकट देत असेल तर घेईन, असं कळवलंय. पोच तो देणार असेल तर.

रेकॉर्ड अजून रात्री काचांमध्येच ठेवावी लागते, नाहीतर बाक परत येतो. काचा दसऱ्याच्या आत टीपॉयवर परत पाहिजेत, असा घरून निरोप आहे.