कॉर्पोरेट ट्रेझरीचा ऑनलाइन अभ्यासक्रम : रोकडीचा पाया भक्कम, करिअरचा भाग तोकडा

कॉर्पोरेट ट्रेझरीत, म्हणजे कंपनीची रोकड, कर्जे आणि परकीय चलन सांभाळणाऱ्या विभागात, करिअर करू इच्छिणाऱ्यांसाठी तयार केलेला एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. लेखा विभागात काम केलेल्या, पण कंपनीच्या पैशाची रोजची व्यवस्था जवळून न पाहिलेल्या विद्यार्थ्याच्या नजरेतून हे परीक्षण लिहीत आहे.

अभ्यासक्रमाची खरी ताकद रोकडप्रवाहाच्या भागात आहे. एका काल्पनिक कंपनीची बँक विवरणे, ग्राहकांची येणी, पुरवठादारांची देणी, पगार आणि करभरणा यांच्या तारखा हाती देऊन १३ आठवड्यांचा रोकड-अंदाज विद्यार्थ्याकडूनच तयार करून घेतला जातो. त्यानंतर प्रत्यक्ष जमाखर्च समोर ठेवून अंदाज कोठे आणि का चुकला, याचा खुलासा मागितला जातो. नफ्यातली कंपनीही रोख पैशाअभावी अडचणीत येते, हे वाचलेले सर्वांनीच असते. पण एका मोठ्या ग्राहकाचे पैसे लांबताच पगाराच्या दिवशीची शिल्लक उणे झालेली स्वतःच्याच तक्त्यात दिसते, तेव्हा या विभागाचे महत्त्व खऱ्या अर्थाने पटते. इतका काळजीपूर्वक रचलेला सराव मला अन्यत्र आढळला नाही.

बँकांशी निगडित जोखमीसाठी अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेचे उदाहरण घेतले आहे, आणि ते योग्यच आहे. १० मार्च २०२३ रोजी, शुक्रवारी, ती बँक बंद झाली. ठेवविम्याची मर्यादा प्रति ठेवीदार २,५०,००० डॉलर होती, त्यामुळे सर्व ठेवी मिळतील अशी सरकारी घोषणा रविवारी होईपर्यंत अनेक कंपन्यांपुढे पगार कसे करायचे हा प्रश्न उभा होता. चलनजोखमीचे प्रकरणही समाधानकारक आहे. फॉरवर्ड करार, म्हणजे पुढील तारखेचा विनिमयदर आजच ठरवणारा करार, हे जोखीम कमी करण्याचे साधन आहे, बाजाराच्या दिशेवर पैज लावण्याचे नव्हे, ही शिस्त शिक्षक शेवटपर्यंत पाळतात.

व्याजदरांचा भाग मात्र जुना झाला आहे. अमेरिकी डॉलरच्या लायबोरचे (बँकांच्या परस्पर कर्जांच्या अंदाजित दरावर आधारलेल्या संदर्भ व्याजदराचे) प्रमुख दर ३० जून २०२३ नंतर मूळ स्वरूपात उरले नाहीत आणि त्यांची जागा सोफरने (एका रात्रीच्या प्रत्यक्ष तारणी कर्जव्यवहारांवरून ठरणाऱ्या दराने) घेतली, तरी सर्व उदाहरणे लायबोरचीच आहेत. हा केवळ नावाचा बदल नाही. लायबोरवरील कर्जात व्याजाची रक्कम कालावधीच्या आरंभीच कळत असे. दैनंदिन सोफरच्या चक्रवाढीने आकारणी होते तेथे ती कालावधी संपत आल्यावर निश्चित होते, आणि त्याचा थेट परिणाम रोकड-अंदाजावर होतो.

सर्वांत मोठी निराशा करिअरच्या भागाने केली. विश्लेषक, व्यवस्थापक आणि ट्रेझरर अशी सरळ शिडी दाखवली आहे. परंतु बहुतेक कंपन्यांत हा विभाग लहान असतो, वरची पदे मोजकी असतात आणि लोक बँका, लेखा किंवा लेखापरीक्षणातून आडवाटेने येथे येतात, याचा उल्लेखही नाही. माझ्या मते पहिली नोकरी लहान चमूत घेणे हितकारक, कारण तेथे देयके, कर्जे आणि परकीय चलन ही तिन्ही कामे एकाच व्यक्तीच्या हाताखालून जातात. पात्रतांची केवळ नावे दिली आहेत. सीटीपी (सर्टिफाइड ट्रेझरी प्रोफेशनल) या अमेरिकी पात्रतेसाठी परीक्षेबरोबर कामाचा अनुभवही लागतो, तर ब्रिटनच्या असोसिएशन ऑफ कॉर्पोरेट ट्रेझरर्सच्या पात्रता प्राथमिक प्रमाणपत्रापासून टप्प्याटप्प्याने वर जातात, हा निर्णायक फरक सांगायलाच हवा होता.

लेखा क्षेत्रातून या कामाकडे वळणाऱ्यांनी हा अभ्यासक्रम अवश्य घ्यावा. आधीपासून ट्रेझरीत असणाऱ्यांना चलनजोखमीचे प्रकरण तेवढे उपयोगी पडेल, मात्र ते स्वतंत्रपणे घेण्याची सोय सध्या नाही.