गोमेकॉचं पहिलं वर्ष: हॉस्टेल, घरून अप-डाऊन की रूम?

गोमेकॉच्या, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या, अॅडमिशनची यादी लागली की वाळपई, साखळी, पेडण्याकडच्या घरांत हीच चर्चा, पोराला हॉस्टेलवर ठेवायचं की घरूनच जाऊदे. लोक लगेच किलोमीटर मोजायला लागतात, पण मी म्हणेन बस किती बदलाव्या लागतात ते बघा. मडगाव लांब वाटतं पण पणजीची लोकल बस बांबोळीवरूनच जाते, वास्कोचंही तेच, एकदा सीट मिळाली की सुटलात. वाळपईवाल्याने मात्र आधी पणजी स्टँड गाठायचा, तिथून दुसरी बस, वर पाऊस, आणि अटेंडन्स थिअरीला ७५ टक्के नि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागतो, त्यात बस चुकली वगैरे कोण ऐकून घेत नाही.

घरचा फायदा काय तर शीत-कडी, धुतलेला एप्रन आणि शांत झोप. हे कमी नाही हां. डिसेक्शन, म्हणजे शिकण्यासाठी मृतदेहाची चिरफाड, करून आल्यावर तो देह टिकवायला वापरलेल्या फॉर्मलिनचा वास हातांना चिकटलेला असतो, सुरुवातीला जेवणच जात नाही, तेव्हा समोर आईने वाढलेलं ताट असलं तर बरं पडतं. पण घरी हाडांचा सेट ठेवायचा कुठे? आजीला सांगून बघा की देवघराच्या पलीकडच्या खोलीत माणसाच्या मांडीचं खरं हाड आहे, त्यात चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आलेली.

हॉस्टेलची खरी मजा इथेच आहे. रात्री कॉटवर बसून एकाने फीमर, म्हणजे तेच मांडीचं हाड, हातात धरायचं, डोकं वर आणि आतल्या बाजूला, लिनिया अॅस्पेरा (हाडावरची खडबडीत रेघ) मागे, सांग आता डावं की उजवं, आणि दुसऱ्याने चुकायचं, मग वरच्या वर्षाचा कोणीतरी दारातून डोकावून जाता जाता सांगून जातो की व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) पहिलं हेच विचारतात. हे एकट्याने वाचून डोक्यात बसत नाही. बाकी मेसचं जेवण कंटाळवाणं, कपडे पावसात सुकत नाहीत, वाढदिवसाला रात्री बारानंतर गोंधळ. रॅगिंगची भीती असेल तर १८००-१८०-५५२२ ही देशभराची हेल्पलाइन मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

रूम म्हणजे सांताक्रुझ, ताळगाव वगैरे. भाडं, डिपॉझिट, स्कूटर, हायवेचा ट्रॅफिक, आणि स्वयंपाकाचं कोण बघणार? पहिल्या वर्षी नको वाटतं मला.

तर दोन बस लागत असतील तर सरळ हॉस्टेल घ्या, गोवा एवढासा, सुट्टीला घरी येताच येतं. पणजी, मडगाव, वास्कोवाल्यांनी घरून करायला हरकत नाही, फक्त पार्ट कंप्लीशनच्या (शरीराचा एकेक भाग शिकून झाला की होणाऱ्या परीक्षेच्या) आधी संध्याकाळी लायब्ररीत ग्रुपबरोबर बसूनच घरी निघा. रूमचं दुसऱ्या वर्षी बघा, तोवर कोणाबरोबर पटतं ते कळलेलं असतं, आणि बघायला पावसातच जा म्हणजे भिंतीला ओल किती येते ते दिसेल.