‘ट्रिपल डिस्क’ सांगून जुनाच कन्व्हर्टर गळ्यात मारला: डिझेल पिकअपवाल्यांनो, पैसे देण्याआधी वाचा

डिझेल पिकअपची ताकद वाढवून घेतलेल्या आणि आता ‘बिल्ट’ (जास्त ताकद झेपावी म्हणून मजबूत करून बांधलेलं) ट्रान्समिशन शोधणाऱ्या अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. मी टेक्ससात राहतो, मला लुबाडणारा दुकानदार दुसऱ्या राज्यातला आहे. दावा लावायचा आहे म्हणून त्याचं नाव इथे देत नाही. आकडे मात्र सगळे देतो.

गाडी २००६ ची रॅम २५००. ५.९ लिटर कमिन्स, मागे ४८आरई ट्रान्समिशन. कारखान्यातून हे इंजिन ३२५ हॉर्सपॉवर आणि ६१० पाउंड-फूट टॉर्क घेऊन येतं. इंजेक्टर, टर्बो आणि ट्यूनिंगनंतर माझ्या गाडीची डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) चाकांपाशी ४८० हॉर्सपॉवर भरली. एवढ्या ताकदीला मूळ कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून ट्रान्समिशनला देणारा भाग, पुरत नाही, हे या गाड्या चालवणाऱ्या कुणालाही माहीत असतं. त्यात लॉकअपची, म्हणजे इंजिन आणि ट्रान्समिशन थेट जखडणारी, एकच क्लच डिस्क असते. भार आला की ती घसरते, घसरली की तापते, आणि तिचं जळलेलं अस्तर तेलाबरोबर सगळ्या ट्रान्समिशनभर फिरतं. म्हणून तीन डिस्कचा कन्व्हर्टर घ्यायचा. पण तीन डिस्कची पकड आली की पुढचा कच्चा दुवा इनपुट शाफ्ट, कन्व्हर्टरमधून ट्रान्समिशनमध्ये जाणारा दांडा. तो मूळचा ठेवला तर पिळून तुटतो, म्हणून शाफ्टही बिलेटचा, म्हणजे धातूच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेला हवा. पाठोपाठ फ्लेक्सप्लेट (इंजिनला कन्व्हर्टर जोडणारी चकती) आणि जास्त दाबाची व्हॉल्व्ह बॉडी (ट्रान्समिशनमधल्या तेलाचा दाब सांभाळणारा भाग). हे सगळं मी त्या दुकानदाराला आधी लेखी विचारलं होतं. स्टॉल (कन्व्हर्टर इंजिनचे फेरे किती चढू देतो तो आकडा) किती ठेवणार, माझा टर्बो कोणता, ट्रेलर किती वजनाचा, सगळं ऑर्डरच्या कागदावर आहे. ‘४८० एचपी, गूसनेक ट्रेलर’ (पिकअपच्या हौद्यात जोडायचा जड ट्रेलर) हे शब्द त्याच्याच अक्षरात आहेत. त्यामुळे ‘चौकशी न करता घेतलं असेल’ असं कुणी म्हणू नये.

पैसे असे गेले: ट्रान्समिशन ४,८०० डॉलर, कन्व्हर्टर १,६५०, जुन्या ट्रान्समिशनच्या बदल्यात परत मिळायची कोअरची अनामत ८००, वाहतूक ४२५. एकूण ७,६७५. त्यातले १,५०० क्रेडिट कार्डावर घेतले. उरलेले ६,१७५ बँकेच्या अ‍ॅपवरून मागितले, कारण ‘कार्डाला ३ टक्के जास्त पडतात’. हे वाक्य ऐकू आलं की तिथेच थांबा. ३ टक्के द्या, पण कार्डच वापरा.

आता तो क्षण, जो आठवला की अजून रक्त उसळतं. पेटी मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये उघडली. बिलेटचं कव्हर लेथवर कोरलेलं असतं. त्यावर कातकामाच्या बारीक गोल रेषा दिसतात, कडा सरळ आणि धारदार असते. समोर होतं ते गोलसर कडेचं, दाबून आकार दिलेल्या पत्र्याचं कव्हर, वर काळा रंग जाड फासलेला. रंगाचा एक ओघळ बोल्टच्या भोकात उतरून आट्यांवरच सुकला होता. मी नखाने खरवडलं तर खाली तांबूस गंज. मेकॅनिकही म्हणाला, ‘हे मला बिलेट वाटत नाही.’ मी तिथूनच फोटो पाठवला. दुकानदाराचा लगेच फोन आला: कव्हर आतून मजबूत केलेलं आहे, वर पावडर कोट आहे, महत्त्वाच्या त्या आतल्या डिस्क, त्या तीन आहेत, मी स्वतः बसवल्या आहेत.

तिथे थांबायला हवं होतं, असं आज सगळे सांगतात. पण गाडी लिफ्टवर होती, जुनं ट्रान्समिशन त्याच्याच सांगण्यावरून आधीच त्याच्याकडे रवाना झालं होतं, आणि कन्व्हर्टर वेल्ड करून बंद केलेला असतो. आत डोकावायला खिडकी नसते. माझ्या जागी कुणीही असता तरी तो बसवूनच घेता. जुनं आधी मागवून घेण्याचा खेळ याचसाठी असतो, ग्राहकाची परतीची वाट बंद करायची. नवं हातात येऊन तपासल्याशिवाय जुनं ट्रान्समिशन सोडू नका.

बसवायची मजुरी १,२५० डॉलर. रिकाम्या गाडीला काहीच जाणवलं नाही. मग ट्रेलरवर ट्रॅक्टर घेऊन कोलोरॅडोला निघालो. अ‍ॅमरिलो, डॅलहार्ट, क्लेटनपर्यंत सपाटीवर सगळं ठीक. रटोन पासचा चढ लागला. ७,८३४ फुटांवरची ती खिंड. लॉकअप लागलेला असताना इंजिनचे फेरे २,००० वरून २,६०० वर गेले आणि वेग आहे तिथेच. ट्रान्समिशनच्या तापमानाचा काटा २४० फॅरनहाइटच्या पुढे. बाजूला घेईपर्यंत जळक्या तेलाचा वास केबिनमध्ये. ट्रेलरसकट ट्रिनिडाडपर्यंत ओढून न्यायचे ६४० डॉलर.

वॉरंटी मागितली तर एकेक कारण सुरू. आधी म्हणे, ट्रान्समिशनचं तेल थंड करणाऱ्या जुन्या कूलरमधला कचरा आत गेला. नव्या कूलरची पावती पाठवली. मग म्हणे, ट्यूनिंग झेपण्यापलीकडचं आहे. त्याच्याच अक्षरातली ऑर्डर पाठवली. मग ‘व्हिडिओ पाठवा’, ‘तेलाचा नमुना पाठवा’. हे सगळं दिवस काढण्यासाठी. कार्डाच्या बिलावर हरकत घ्यायची तर पहिलं बिल निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी कळवावं लागतं, आणि हे या लोकांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. माझं पत्र मुदतीत गेलं म्हणून ते १,५०० परत आले. त्याच्या गोड बोलण्यावर विसंबून बसू नका, वाटाघाटी चालू असतानाच बँकेला पत्र टाका.

शेवटी १५० डॉलर देऊन कन्व्हर्टर लेथवर कापून घेतला. आत एक डिस्क. एकच. अस्तर जळून खालचं लोखंड उघडं पडलेलं. इनपुट शाफ्टही कारखान्याचाच निघाला. तशाच एका मूळ शाफ्टशेजारी ठेवल्यावर काडीचा फरक नव्हता. फोटो पाठवले तर उत्तर आलं, ‘कन्व्हर्टर कापलात, वॉरंटी संपली.’ चोराच्या उलट्या बोंबा! न कापता सिद्ध करता येत नाही आणि कापला की हक्क जातो. म्हणून कापण्याआधी विक्रेत्याला लेखी कळवा, तिसऱ्याच गॅरेजमध्ये कापा, आणि वेल्ड शाबूत असल्यापासून अखंड व्हिडिओ घ्या. त्याहून चांगलं म्हणजे खरेदीच्या वेळीच अट घाला: बंद करण्याआधी तिन्ही डिस्कचा, शाफ्टचा आणि कव्हरवर कोरलेल्या तुमच्या ऑर्डर क्रमांकाचा एकाच चौकटीतला फोटो. प्रामाणिक बिल्डर आनंदाने देतो. माझ्या दुसऱ्या बिल्डरने न मागता दिला.

आता सरकारदरबार. पोलिसांनी कागद पाहिलेही नाहीत, ‘हे सिव्हिल मॅटर आहे’ म्हणून वाटेला लावलं. तीन डिस्क लिहून एक देणं, गंजावर रंग फासून नवं म्हणणं, ही चोरी नाही तर काय आहे? ग्राहक तक्रारींच्या सरकारी खात्याने माझं पत्र त्या दुकानदाराकडे धाडलं आणि मला कळवलं की आम्ही कुणा एकाची वकिली करत नाही. त्याच्या राज्यातल्या खात्याने, तुम्ही आमचे रहिवासी नाही, असं सांगितलं. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीला पोचक्रमांक आला, पुढे काहीच नाही. बँक म्हणते, अ‍ॅपवरून पैसे तुम्हीच पाठवलेत, बटण तुम्ही दाबलंत. म्हणजे चोर घरात शिरला असता तर चाललं असतं, मीच विश्वासाने दार उघडलं म्हणून दाद नाही! प्रत्येक खिडकीवर पुढच्या खिडकीचं नाव. ज्यांच्या पगारासाठी आपण कर भरतो, त्यांच्यापैकी एकानेही त्या माणसाला साधा फोन करून ‘हे काय आहे’ एवढं विचारलं नाही.

कायदा नाही असंही नाही. टेक्ससच्या जस्टिस कोर्टात २०,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो. ग्राहक-फसवणुकीच्या कायद्याखाली जायचं तर आधी ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मी सर्टिफाइड पोस्टाने पाठवली, ती न स्वीकारता परत आली. तो परत आलेला लिफाफा जपून ठेवा, तोही पुरावाच आहे. प्रतिवादी दुसऱ्या राज्यातला असला की खटला कुठे चालायचा इथूनच भांडण. जिंकलात तरी तो निकाल त्याच्या राज्यात नोंदवून मग वसुली. तोवर तो कंपनी मोडून मोकळा. म्हणून एवढी मोठी रक्कम घालायची असेल तर गाडी चालवत जाता येईल अशाच अंतरावरचा बिल्डर निवडा. इंटरनेटवरच्या स्वस्ताईत वाचलेले चारशे-पाचशे डॉलर मातीमोल असतात.

आजवरचा खड्डा: बुडालेले ६,१७५, पहिली मजुरी १,२५०, टोइंग ६४०, कापण्याचे १५०, दुसऱ्यांदा बसवण्याचे १,२५०. एकूण ९,४६५ डॉलर. नव्या ट्रान्समिशनची किंमत वेगळी. कोअरचे ८०० ही त्यातच बुडाले, माझं जुनं ट्रान्समिशन अजून त्याच्याकडे पडून आहे.

तोच माणूस आता दुसऱ्या नावाने ४८आरई आणि ६८आरएफई (नंतरच्या रॅममधलं ट्रान्समिशन) विकतोय. फोटो तेच, पाठीमागची निळी कपाटंही तीच. असा माल कुणाकडे आला असेल तर कन्व्हर्टर फेकू नका, पेटीवरची लेबलं आणि मेसेज जपा आणि मला कळवा. एकट्याच्या तक्रारीला ‘सिव्हिल मॅटर’ म्हणता येतं. चार-पाच जणांचे कापलेले कन्व्हर्टर एकाच टेबलावर ठेवले तर तेच उत्तर देता येतं का, हे मला बघायचंय.