उपनगरात घर शोधताना: अमेरिकी जनगणनेची मोफत वेबसाइट

‘इथे कोण लोक राहतात?’ याचं उत्तर अमेरिकेतला घरांचा एजंट सहसा देत नाही. वंश बघून वस्ती सुचवायला १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने बंदी आहे, आणि ती हवीच. मिश्र शेजार हवा असेल तर सेन्सस ब्युरोच्या (अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या) साइटवर वंशानुसार लोकसंख्येचा तक्ता ‘बी०३००२’ (B03002) उघडा, पंचवार्षिक (पाच वर्षांच्या पाहणीवरचा) अंदाज निवडा आणि गावाच्या आकड्यावर न थांबता सेन्सस ट्रॅक्टपर्यंत, म्हणजे जनगणनेसाठी आखलेल्या छोट्या भागापर्यंत, खाली उतरा. गाव कागदावर मिश्र दिसतं, पण रस्त्याच्या अलीकडे एक समाज, पलीकडे दुसरा असं असू शकतं. ट्रॅक्ट लहान, म्हणून शेजारच्या रकान्यातली त्रुटीची मर्यादा (अंदाज किती इकडेतिकडे असू शकतो तो आकडा) मोठी; दोन-तीन टक्क्यांच्या फरकावर घर ठरवू नका. मराठी भाषकांचा वेगळा आकडा मात्र नेहमीच्या तक्त्यात मिळत नाही: भाषांच्या तक्त्यात मराठी, नेपाळी आणि त्यांच्या कुळातल्या इतर काही भाषा एकाच रकान्यात कोंबल्या आहेत.