थर्माकोल, भुसा की राख? हलक्या पॅनेलसाठी भराव निवडताना

टाकाऊ माल फुकट मिळतो म्हणून पॅनेल स्वस्तात पडेल, हा हिशेब पहिल्याच साच्यात चुकतो. खर्च रेझिनचा, म्हणजे भराव बांधून ठेवणाऱ्या आणि साच्यात घट्ट होणाऱ्या द्रवाचा असतो आणि वजनही बरंचसं त्याचंच. पॉलिएस्टर असो वा इपॉक्सी, घट्ट झाल्यावर घनमीटरला साधारण १,१०० ते १,२०० किलो भरतं. म्हणून आधी भराव ठरवा. रेझिन कोणतं घ्यायचं, हे बऱ्याचदा त्यावरूनच ठरतं.

वजनात थर्माकोलला तोड नाही, घनमीटरला जेमतेम १० ते ३० किलो. पण पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं. साच्यात दाण्यांच्या जागी चिकट लगदा उरतो. त्यामुळे महागडं इपॉक्सी घेणं आलं. तेही एकदम जाड ओतलं तर स्वतःच तापतं, आणि १०० अंशांच्या आसपास थर्माकोल मऊ पडून आक्रसतो. हार्डनर, म्हणजे इपॉक्सी घट्ट करणारा द्रव, सावकाश काम करणारा घ्या आणि दाण्यांवर रेझिनचा फक्त लेप बसू द्या. सगळ्या फटी बुजवल्या तर हलकेपणा गेलाच.

लाकडाचा भुसा पॉलिएस्टरमध्ये चालतो, त्यामुळे खर्च आटोक्यात राहतो. मात्र बारीक भुसा भरपूर रेझिन पितो. रंध्याच्या जाडसर ढलप्या बऱ्या. भाताचं तूस फुकट मिळालं तरी माझी पसंती त्याला नाही, कारण त्याच्या मेणचट पृष्ठभागाला रेझिन नीट धरत नाही. दोन्ही आधी खडखडीत वाळवा, ओल राहिली तर पॉलिएस्टर नीट घट्ट होत नाही. पॅनेलच्या कापलेल्या कडा उघड्या ठेवल्या तर त्या पाणी ओढून फुगतात.

फ्लाय ॲश, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्रांतली बारीक राख, ‘हलकी’ समजून घालणारे बरेच आहेत. तिचे कण रेझिनपेक्षा जड! पॅनेल कडक होतं, आक्रसणं कमी होतं, पण वजन वाढतं. हलक्या असतात त्या राखेतल्या पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ गोळ्या, म्हणजे सेनोस्फिअर. त्या मात्र फुकट मिळत नाहीत.

कोरड्या खोलीतल्या पार्टिशनला मी ढलप्या आणि पॉलिएस्टर घेईन. वजन अगदीच कमी हवं असेल तरच थर्माकोल. चुलीजवळ किंवा बाहेर पडायच्या वाटेवर मात्र यातलं काहीच नको, सगळी रेझिनं जळतात आणि धूर घातक असतो. पॉलिएस्टर वापरताना कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रावण) आणि कॅटलिस्ट (घट्ट होणं सुरू करणारं रसायन) थेट एकत्र करू नका, भडका उडू शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग कॅटलिस्ट.