चर्प सोनारचा फिश फाइंडर: हंगामभर वापरल्यावर

फिश फाइंडर म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून खालचं चित्र काढणारं यंत्र. चर्प (वारंवारतांचा पट्टा वापरणारा सोनार) आणि डाउन इमेजिंग (बोटीच्या थेट खालचं बारीक चित्र) असलेला पाच इंची फिश फाइंडर छोट्या बोटीवर बसवून हंगाम उलटला. गळ टाकायच्या छंदासाठी घ्यावा का? जरूर घ्या, पण मासे मोजायला नाही, तळ वाचायला.

आधी फिश आयडी, म्हणजे प्रतिध्वनीच्या जागी माशाचं चिन्ह दाखवणारी सोय, बंद करा. मासा कुठला आणि फांदी कुठली हे यंत्राला कळत नाही. बुडबुड्यांचा पुंजका आला तरी ते गोंडस मासोळी काढून दाखवतं. कच्च्या चित्रात मासा कमानीसारखा उमटतो, कारण यंत्रातून खाली शंकूसारख्या पसरणाऱ्या ध्वनीत शिरताना तो लांब असतो, मध्यावर जवळ येतो आणि निघताना पुन्हा लांब जातो. बोट आणि मासा दोघेही स्थिर असले की नुसती आडवी रेघ. लांब कमान म्हणजे मोठा मासा नव्हे, तो शंकूत जास्त वेळ रेंगाळला इतकंच. मी कमानीची जाडी बघतो. वाताशय (पोटातली हवेची पिशवी) नसलेले मासे मात्र पुसटच दिसतात.

200 किलोहर्ट्झचा शंकू साधारण 20 अंशांचा असतो. म्हणजे 10 मीटर खोलीवर तळाचा जेमतेम साडेतीन मीटर रुंद गोल दिसतो, आणि 2 मीटर पाण्यात फक्त 70 सेंटिमीटर! काठाजवळच्या उथळ पाण्यात यंत्र बंद ठेवलं तरी चालतं. 83 किलोहर्ट्झवर शंकू बराच रुंद होतो, मासेही जास्त दिसतात. पण ते डावीकडे की उजवीकडे, हे कोण सांगणार?

चर्पचा फरक तळाशी चिकटलेल्या माशांत कळतो. एकाच वारंवारतेऐवजी वारंवारतांचा पूर्ण पट्टा वापरल्यामुळे जवळजवळचे मासे सुटे दिसतात. पट्टा 90 किलोहर्ट्झचा असेल तर हिशोबाने एक सेंटिमीटरच्या आतलं अंतरही कळायला हवं. पण पडद्यावर उभे पिक्सेल 480 आणि खोली 10 मीटर, म्हणजे एका पिक्सेलला दोन सेंटिमीटर. जाहिरातीतली बारकाई तिथेच संपते. म्हणून तळाचा झूम कायम चालू ठेवतो. कठीण तळाची पट्टी जाड, ठळक येते आणि कधी खाली दुसरा प्रतिध्वनीही दिसतो, चिखल फिका. जिथे कठीण तळ संपून चिखल सुरू होतो, तिथे गळ टाकायला मला आवडतं.

वेग वाढला की ट्रान्सड्यूसरखाली (पाण्यात ध्वनी सोडणारा आणि ऐकणारा भाग) हवा येते आणि चित्र विस्कटतं. तो किंचित खाली घेतल्यावर बरंच सुधारलं. उन्हात पडदा ठीकठाक. पुढचा घेताना साइड इमेजिंगवर (बोटीच्या दोन्ही बाजूंचं चित्र) पैसे घालण्याआधी उभे पिक्सेल बघेन.